पालकाचं नाव : ताई

प्रिय ताई,

हातातली चष्म्याची फ्रेम खाली ठेव, स्टुलावर नीट बस आणि मगच पुढे वाच. जमलं! अगं, जमलं! म्हणजे हत्ती गेलाय, शेपूट राहिलंय, पण ते शेपूट तुझ्याच हातात आहे, त्याचं शेवटी सांगते. सकाळपासून मी एका जागी टेकलेली नाही. खोलीभर नुसत्या येरझारा. भोंगा म्हणाली, आता बसली नाहीस तर ओढणीने खुर्चीला बांधीन. (भोंगा म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण. ती कुजबुजली तरी खालच्या रस्त्यावरचा माणूस वर बघतो, म्हणून भोंगा.) तेव्हा बसलेय आणि लिहितेय. फोन का केला नाहीस, असं विचारशील. तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी ‘ताई, ऐक ना’ म्हणायचा अवकाश, की जेवलीस का, खोकला गेला का, पांघरूण पुरतं का, आणि लगेच बरं ठेवते, गिऱ्हाईक आलंय. पत्रावर तसं गिऱ्हाईक सोडता येत नाही. आता मुकाट्याने सगळं वाचावं लागेल.

तुला हे प्रकरण तुकड्यातुकड्याने माहीत आहे, पण सलग कधी सांगितलंच नाही. आधीची दोन वर्षं शाळेच्या शिष्यवृत्तीवर निघाली. शेवटच्या वर्षाला कॉलेजची मदत मिळाली नाही, तर बाडबिस्तरा गुंडाळून घरी यायचं, हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघीही त्यावर बोलत नव्हतो. तू आपली विचारायचीस, काय म्हणतायत तुझे दगड? (माझ्या भूशास्त्राला तू कायम दगडच म्हणतेस.) मीही म्हणायचे, मजेत आहेत. दगड खरंच मजेत होते गं, माझीच झोप उडाली होती. कारण अर्जावर आईवडिलांपैकी एकाची सही हवी होती. आई नाही, आणि वडील कुठे आहेत ते फक्त वडिलांना माहीत. घर सोडून गेलेला माणूस सहीपुरता कुठून उभा करायचा?

म्हणून गेले आमच्या सल्लागारांकडे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार असतो, अडचण आली की त्याला भेटायचं, असं पहिल्या दिवशी हसतमुखाने सांगितलं होतं. माझ्या वाट्याला आले बघूया सर. त्यांचं खरं नाव दारावर आहे, पण ते कुणी वाचत नाही. सर, शेवटची तारीख जवळ आलीय. बघूया. सर, वडिलांचा पत्ता नाही. बघूया. त्यांना कुणी छपराला आग लागलीय म्हणून सांगितलं असतं तरी ते तेच म्हणाले असते. बघून बघून त्यांनी मला मदत खिडकीकडे पाठवलं. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, आधी सल्लागारांची शिफारस आणा. सर म्हणाले, खिडकीने मागणी केल्याशिवाय मी शिफारस कशी देऊ? मी आपली चेंडूसारखी इकडून तिकडे. खिडकीपुढच्या रांगेत तर माझ्यापेक्षा मुरलेले लोक भेटले. एका मुलाचे कागद त्यांनी हरवून पुन्हा मागितले, ते पुन्हा हरवले, आणि आता ते त्याच्यावरच संशय घेत होते. एका मुलीला रोज सांगायचे, तुमची फाईल वर गेलीय. ताई, ती इमारत बैठी आहे! वर फक्त पत्रे आणि कबुतरं. आम्ही सगळे मान वर करून बघायचो आणि हसायचो. मग हसू संपलं की पुन्हा रांगेत.

आणि एक दिवस अचानक बघूया सरांना वाट सापडली. मी आत गेले तर खुशीत होते. म्हणाले, तुझं काम सोपं आहे, उगाच घोळ घातलास. निराधार या रकान्यात खूण कर आणि खाली लिही, मला पालक नाही. निराधारांना सगळं माफ. फी माफ, खोली माफ, खानावळसुद्धा माफ. सही कुणाची नको, पुरावा नको, विषय संपला. भोंगा तर खोलीत नाचलीच. मीही अर्ज घेऊन बसले, पेनाचं टोपण काढलं. मला पालक, इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द होता दोन अक्षरांचा. हात पुढे सरेना. आधी वाटलं, पेन बिघडलं. मग कळलं, मीच बिघडलेय.

सरांना जाऊन सांगितलं की हे मी लिहू शकत नाही, मला ताई आहे. ते म्हणाले, ताई म्हणजे बहीण, बहीण हा रकाना नाही. मी म्हटलं, रकाना नसेल तर काढा. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे मान वर करून बघितलं. म्हणाले, अगं एक शब्द तर आहे, लिहून टाक, कोण वाचतंय? तिथेच माझं डोकं सणकलं. तू म्हणतेस ना, हिच्या नाकावर राग आणि जिभेवर विस्तव, तसं झालं. कोण वाचतंय म्हणजे काय? मी वाचते ना!

खिडकीमागच्या बाईंचं मात्र सांगायलाच हवं. मी पुन्हा रांगेत उभी, माझी पाळी आली, आणि त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. कागदावरची एक ओळ वाचायची की चष्मा वर, दुसरी ओळ की पुन्हा वर. इतके दिवस वाटायचं त्या आमच्यावर चिडतात. त्या चष्म्यावर चिडत होत्या. तुझ्या हाताखाली सुट्ट्या काढल्यात मी, डावी दांडी सैल झालीय हे लांबूनही दिसत होतं. किल्ल्यांना तू अडकवून दिलेला इवलासा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि म्हटलं, द्या इकडे. रांग मागून ओरडायला लागली. मी बाईंचा चष्मा घट्ट करून परत दिला. त्यांनी तो लावला, मान हलवून बघितली, आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? ताईने. ताई काय करतात? काचा घासते, चष्मे बसवते. आणि घरी कोण कोण? ताई. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, मुली, बाजूच्या दाराने आत ये. जादू वगैरे काही झाली नाही हं, त्यांनी फक्त नियमांचं पुस्तक उघडून नीट वाचलं. घसरत्या चष्म्याने इतकी बारीक अक्षरं कोण वाचणार? त्यात एक पोटनियम निघाला. आईवडील नसतील, तर प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती पालक म्हणून धरता येते, समितीला पटलं तर.

आज सकाळी ती समिती होती. लांब टेबल, तीन माणसं, त्यात बघूया सर, आणि अध्यक्ष एक म्हाताऱ्या प्राध्यापकबाई. आदल्या दिवशी मी झकास भाषण पाठ केलं होतं. आत पाऊल टाकलं आणि सगळं सपाट. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुझ्या बहिणीने तुझा सांभाळ केला हे आम्ही कशावरून धरायचं? आणि ताई, माझ्या तोंडून काय निघावं? पोछ्याची गोष्ट. तुला वेणी घालता येत नव्हती, म्हणून तू ओल्या पोछ्याचे धागे खिळ्याला बांधून रात्रंदिवस वेण्या घालून बघायचीस, आणि मी शाळेत जाताना मैत्रिणींना सांगायचे की आमच्या पोछ्याचे केस माझ्यापेक्षा लांब आहेत. मग पालकसभेची गोष्ट. तू तेव्हा स्वतःच पोरगी. सगळ्यांचे बाबा ढेरी सांभाळत बाकावर बसलेले आणि मध्ये तू, वय जास्त दिसावं म्हणून दुकानातली सगळ्यात जाड, काळी फ्रेम घालून, तीही बिननंबरची! गणिताच्या बाई काही बोलल्या की तू चष्मा पुसायचीस, विचारात पडल्यासारखी. मला फार अभिमान वाटायचा. आणि शाळेच्या फॉर्मवर मी काय लिहिलं होतं, आठवतंय? पालक म्हणजे भाजी नव्हे हे आधी तू समजावलंस, मग मी पालकाचं नाव या जागी लिहिलं, ताई. शाळेला वाटलं तेच तुझं नाव. तुझ्या दुप्पट वयाच्या मुख्याध्यापिका तुला सगळ्यांसमोर अहो ताई, अहो ताई करायच्या, आणि तू जाड चष्म्याआडून हसू दाबायचीस.

हे सगळं मी समितीला सांगितलं. हातवारे करून. पोछ्याचं सांगताना तर उभी राहून वेणी घालून दाखवली, हवेत. अध्यक्षबाई हसून हसून डोळे पुसायला लागल्या, आणि त्यांचे डोळे पुसून झाले तरी रुमाल खाली येईना. मला वाटलं, संपलं, पोरखेळ केला मी. तेवढ्यात बघूया सर खाकरले आणि म्हणाले, करूया. ताई, करूया! भोंगाला सांगितलं तर विश्वासच ठेवत नाही, म्हणते तुझी ऐकण्यात चूक झाली.

आता ओरडण्याचा भाग. तू ओरडणार आहेसच, तेव्हा आधीच सांगून मोकळी होते. मला पालक आहे म्हटल्यावर त्या पालकाची कमाई धरली जाते. त्यामुळे फी आणि खोली माफ झाली, खानावळ माफ झाली नाही. निराधार लिहिलं असतं तर तीही झाली असती. हात दाखवून अवलक्षण, म्हण. बावळट म्हण, शहाणी म्हण. पण मी आमच्या विभागाच्या कोठारात दुपारचं काम धरलंय, दगड पुसायचे आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या लावायच्या. जेवण त्यात भागतं. मला तर दगडांशी गप्पा मारायचे पैसे मिळणार! तुला एक दमडी जास्त पाठवायची नाही, आणि पाठवलीस तर मी परत पाठवीन, मग बसू दोघी टपालवाल्याला पळवत.

हे का केलं तेही सांगते. अर्ज भरायला बसायच्या आधीच्या रविवारी मी फोनवर निराधारचं सांगितलं, तेव्हा तू हसलीस. म्हणालीस, मग लिहून टाक की, अंगाला भोकं पडतात का? मी म्हटलं, बरं. मग अगदी सहज विचारलंस, म्हणजे त्या कागदावर माझं नाव कुठेच येणार नाही का गं? आणि मी काही म्हणायच्या आत, बरं ठेवते, गिऱ्हाईक आलंय. ताई, रविवारी तुझं दुकान बंद असतं.

आता ते शेपूट, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले. समितीने मान्य केलं, पण पोटनियमात आणखी एक ओळ आहे. पालक होणाऱ्या व्यक्तीची संमती हवी, तिच्या स्वतःच्या अक्षरात. खिडकीमागच्या बाईंनी ती ओळ वाचली आणि मी तिथेच थबकले. कारण हे तुला आजवर कुणी विचारलंच नाही. आई गेली तेव्हा घरात मोठी माणसं बसली होती, ही पोर कुणाकडे ठेवायची यावर त्यांचा खल चालला होता. तू कॉलेजातून आलीस, खांद्यावरची स्वतःची पिशवी काढून कोपऱ्यात ठेवलीस, माझं दप्तर उचललंस आणि विचारलंस, गृहपाठ झाला का? ती तुझी पिशवी पुन्हा कधी खांद्यावर गेलीच नाही. तू हो म्हणाली नव्हतीस, कारण प्रश्नच कुणी विचारला नव्हता. म्हणून आज मी विचारते, नीट, कागदावर, तू गिऱ्हाईकाचं नाव काढून निसटू शकणार नाहीस अशा तऱ्हेने: ताई, माझी पालक होशील का? सोबत कोरा कागद ठेवलाय. दडपण नाही, नाही म्हणालीस तरी मी तुझीच आणि तू माझीच, फक्त मग खानावळ फुकट मिळेल. अर्जावर पालकाचं नाव या जागी घाईत मी पुन्हा ‘ताई’ असंच लिहिलं. बाईंनी ते वाचलं, खोडायला पेन उचललं, मग ठेवून दिलं आणि शेजारी तुझं पूर्ण नाव लिहिलं. पण पेन्सिलीने. म्हणाल्या, त्यांचं उत्तर आलं की शाईने करू.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

तुझीच
उचापत