फुली कुठं मारायची

केंटकी, ऑक्टोबर १९३३

आई,

तब्येत बरी आहे. छापखान्यात मतपत्रिकेचे खिळे जुळवून डोळे मात्र पार शिणलेत.

दारूबंदी उठवायची की नाही, हे ठरवणाऱ्या परिषदेचे प्रतिनिधी निवडायचेत. पण रकान्यांवर दारूचं नाव नाही; नुसतं 'दुरुस्तीच्या बाजूने' आणि 'दुरुस्तीच्या विरुद्ध'. दुरुस्ती म्हणजे बंदी उठवणं. मालकांना म्हटलं, लोक फसतील. म्हणाले, "तू खिळे जुळव, अक्कल पाजळू नकोस!"

तुला बंदी हवी, तेव्हा फुली 'विरुद्ध'खालीच मार. चर्चमधल्या बायकांनाही सांग.

बाबा अजून लूथरकाकांच्या तळघरात प्यायला बसतात का गं? त्यांनी विचारलं तर गप्प राहा. 'मी तर बंदीच्या विरुद्ध' असं म्हणत तेही बिचारे 'विरुद्ध'खालीच फुली मारतील.

तुझा दमलेला,
ऑरिन