दहाव्या सहीचा इतिहास

ओहायो, नोव्हेंबर १९५७

आदरणीय मेंडेलमामांना नॉर्बर्टचा नमस्कार.

तुमचा गुडघा आणि टोप्यांचं दुकान, दोन्ही कसं चाललंय? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक, मी सोडून. हे पत्र लिहिता लिहिता मी कितीदा उठलो, खिडकी उघडली, पुन्हा लावली, देव जाणे. शेजारच्या खोलीतला इरा ओरडला, "बाबा रे, एक तर बस, नाहीतर बाहेर जाऊन चाल!" पण मला बसवतच नाही, त्याला मी काय करू?

सगळं खूळ आमच्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या या पोरांच्या मंडळाच्या, इतिहासाचं. पस्तीस वर्षं झाली म्हणून पुस्तक निघतंय, आणि "तुझे बाबा नि मामा दोघंही संस्थापक, तुला काय, घरचंच काम" असं म्हणून पोरांनी ते माझ्या गळ्यात मारलं. घरचंच काम! पहिल्याच पानावर गाडं अडलं. आधी नाव कुणाचं घालू, तुमचं की बाबांचं? बाबांना जाऊन आपल्या ज्यू पंचांगानं येत्या शुक्रवारी वर्ष होईल, आणि त्याआधी कित्येक वर्षं तुम्हा दोघांचा अबोला. (लहानपणी मला वाटायचं, मामा लोक बोलतच नाहीत.)

शेवटी गेलो मलरूनी जज्जांकडे. ते म्हणाले, बाकीच्या फ्रॅटर्निट्यांनी ज्यू पोरांना दारं लावून घेतली, तेव्हा तुम्ही नऊ जणांनी स्वतःची काढायची ठरवली. पण कॉलेजला सह्या हव्या होत्या दहा, आणि अख्ख्या कॉलेजात दहावा ज्यू सापडेना. तेव्हा बाबांनी वर्गातल्या या जज्जांनाच धरून आणलं, कारण कॅथलिक म्हणून त्यांनाही कुणी दारात उभं करत नव्हतं. तुम्ही कपाळाला हात लावलात: "सायमन, अरे, हा कॅथलिक, शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून मासे खातो!" बाबा म्हणाले, "मग? शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणात माझी आईसुद्धा खाते!" जज्ज हे सांगताना पोट धरून हसत होते. (आता आपल्या हनुक्का सणाची गाणी तेच सगळ्यांत मोठ्यानं म्हणतात, सूर सोडून.) मला मात्र हसू येईना. कारण पुढचं मला ठाऊक होतं. सही तुम्ही केलीत, पण धुसफूस राहिलीच, आणि मग त्या वार्षिक जेवणात कुणीतरी बाबांना "आमचे एकमेव संस्थापक" म्हटलं, बाबा गप्प बसून नुसते हसले, आणि तुम्ही ताटावरून उठून गेलात ते गेलातच. (आई म्हणते, भाऊ गेला ते एक दुःख, एवढं शिजवलेलं ब्रिस्केटचं मांस वाया गेलं ते दुसरं.) बाबांचं चुकलं, मामा. मी त्यांचा मुलगा असून सांगतो.

आईचं म्हणणं, "तुझा मामा म्हणजे खेचर, ओढलं की मागे जातो." म्हणून मी ओढत नाही. शुक्रवारच्या आत येऊन पहिलं पान नजरेखालून घालाल का, एवढंच विचारतो.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
नॉर्बर्ट

ता. क. पहिलं पान छापखान्यात गेलंसुद्धा. वर तुमचंच नाव आहे. तेव्हा त्यासाठी यायची काही गरज नाही.

पुन्हा ता. क. गरज वेगळीच आहे. शुक्रवारी सकाळी बाबांसाठी कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची आपली प्रार्थना, म्हणायचंय. गावात सिनेगॉग, आपलं प्रार्थनाघर, नाही, आणि बहुतेक पोरं थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी पळणार. दारोदार विनवण्या करून माझ्यासकट नऊ जमले. दहा ज्यू पुरुष असल्याशिवाय ते म्हणता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू! जज्ज म्हणाले, "मी येतो की. मला दहावा व्हायची सवय आहे." डोळ्यांत पाणी आलं हो, पण नाही म्हणावं लागलं. या बाबतीत तुमचंच खरं होतं.

शेवटचं ता. क. या ना, मामा. राग बरोबर आणलात तरी चालेल. आम्ही फक्त माणसं मोजणार आहोत.