जेवणानंतरची कॅप्सूल आणि सोमवार

गुरुवार, ६ नोव्हें.
मृदुलाने पुण्याहून पाठवलेली डबी मिळाली. ट्रिप्टोफॅन. हे अमिनो आम्ल असून त्यापासून मेंदू मन प्रसन्न ठेवणारे द्रव्य तयार करतो, असे वेष्टनावर नमूद आहे. रोज एक, जेवणानंतर. लेकीची फोनवर अट : "बाबा, महिनाभर नीट घ्या. तरी चेहरा असाच राहिला, तर भाईंदरचं घर बंद आणि तुम्ही माझ्याकडे." माझी पत्नी सु. गेल्यापासून हेच चालले आहे. मला हे घर सोडावयाचे नाही. सबब, कॅप्सूलला यश येणे आवश्यक.

शनि., ८
कॅप्सूल नियमाने चालू. मनःस्थिती यथातथा. व्हिडिओवर मृदुलाला हसून दाखवले. "बाबा, पासपोर्टचा फोटो काढताय का?"

सोम., १०
पेच. सु.चा सोमवारचा उपवास तिच्यामागे मी चालवतो. उपवासाला जेवण नाही. मग जेवणानंतरची कॅप्सूल घ्यावी कधी? साबुदाण्याची खिचडी हे जेवण नव्हे, फराळ होय. घेतली नाही.
खिचडी अंमळ जास्त झाली. समोरच्या इमारतीतल्या हंसाबेनना नेऊन दिली. त्या जैन. "भाईसाब, आलू? भाभीजी तो हमारे लिए कच्चा केला डालती थी!" मी ओशाळलो. सु. दर सोमवारी त्यांच्यासाठी वेगळी खिचडी करी, हे मला ठाऊकच नव्हते.
जिना चढताना शीळ वाजवली. चक्क.

गुरु., १३
कॅप्सूल घेतो आहे. पुन्हा यथातथा. सु.ची शाल कपाटातून काढली, घडी करून ठेवली.

सोम., १७
उपवास, कॅप्सूल नाही. केबिन रोडवरून कच्ची केळी आणली. हंसाबेन बशी हातात घेऊन आमच्याच स्वयंपाकघरात बसल्या. म्हणाल्या, "भाभीजी आपकी नकल करती थी. कमर पे हाथ रखके : 'सबब, चहा ठेव!'" इतके हसलो की साबुदाणा नाकात गेला. डोळ्यांना पाणी. बहुधा मिरचीचेही.

बुध., १९
चांगले दोन्ही दिवस कॅप्सूलविना. मृदुलाला हे सांगावे, तर अटीत हरतो. न सांगावे, तर...
प्रथम डॉक्टरांना डबी दाखवली. "भाभी गेल्यावर मी मनासाठी दिलेली गोळी चालू असताना ही नको. आधी विचारायचं ना, साहेब!" बंद. खिचडीचेही सांगितले. "शेंगदाण्यातही हेच अमिनो आम्ल असतं. पण बशीभर खिचडीने कोणी जिन्यात शीळ घालत नाही."
मग कशाने?
"ते तुम्ही मला सांगा."

शनि., २२
मृदुलाला सर्व सांगितले.
"म्हणजे कॅप्सूल बंद, आणि तुम्हाला बरं वाटतंय?"
"सोमवारी."
"फक्त सोमवारी?"
खोटे बोलवेना. "तूर्त, होय."
"मग मी गुरुवारी येते. बाकीचे दिवस कसे असतात ते बघू दे. घराचं तेव्हाच ठरवू."

रवि., २३
सकाळीच हंसाबेनचे दार वाजवले. गुरुवारी आपण काय करता?
"कुछ नहीं. क्यों, आप खिला रहे हो?"
होय म्हणून बसलो! त्या यजमानांनाही आणणार आहेत. खिचडी नाही, उपवास नाही, रीतसर जेवण. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. मृदुला दुधीला तोंड लावत नाही. उरते काय, ते उद्या बाजारात पाहतो.