सोल्डरची तार आणि खर्र्याची पुडी

सौसर, रविवार, संध्याकाळ

आज पांढुर्ण्याहून सोल्डरची तार आणली. दुकानदार बिनशिशाची दाखवून राहिला होता, पण माझ्या हाताले शिशाचीच जमते. लवकर वितळते, जोड चकचकीत बसतो. घरी येऊन खिडकी उघडली, पंखा लावला अन् रेडिओचा सर्किट बोर्ड घेऊन बसलो. बायकोले, सुनंदाले, मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "धुरापेक्षा बोटाले लागलेलं शिसं वाईट. हात न धुता काही खायचं नाही." तारेच्या डब्यावर 'शिसं, हात लावू नये' असं लिहूनही टाकलं.

तासाभरानं तिनं चहा आणला. मी म्हटलं, "ठेव, हात धुऊन पितो."

ती तिथंच उभी. "मंग आत्ता तोंडात काय टाकून राहिले?"

खर्रा. एक जोड झाला की एक चिमूट, त्याच बोटानं. किती वेळा टाकला असंन? सांगता येत नाही. सुपारी-तंबाखूले मी खाणं समजतच नाही ना! दिवसभर तोंडात असते म्हणून?

साबणानं दोनदा हात धुतले, चुळा भरल्या. अर्धी पुडी उरली होती. जिवावर आलं, पण फेकली. तिच्यातही शिसं गेलंच असंन. मग तारेचा डबा जपून वरच्या फळीवर ठेवला.

सुनंदा कप उचलता उचलता म्हणाली, "शिसं तर ठेवलं वर. अन् दुसरी पुडी खिशातच आहे."

होती. आत्ता हे लिहून राहिलो, तरी आहे.