भाऊला विचारलं कुणी?

१२ जून २००३, चामोर्शी
आईला जाऊन दीड महिना. भाऊला काल पुन्हा फिट आली, नेमकी चुलीपाशी. कोपर भाजलं. वय छत्तीस, बुद्धी लहान पोराची, असं मीच सगळ्यांना सांगत असते. त्याची कायदेशीर पालक होण्यासाठी अर्ज भरला. 'कोणत्या बाबींसाठी' समोर लिहिलं : सर्व. आई आणि भाऊ चालवायचे ते बाजारातलं बांगड्यांचं दुकान बंद, भाऊ माझ्या घरी, घुग्घुस गावी. ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

३ जुलै, गडचिरोली
कलेक्टर ऑफिसात पालकत्वाच्या समितीपुढे. समितीतल्या मॅडमनी भाऊला नाव विचारलं, मी सांगितलं. काय करता, तेही मीच. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा."
असा संताप आला! लहानपणापासून त्याच्या वतीनं मीच बोलते.
बाकावर बसले. दार अर्धं उघडं. भाऊचा आवाज : "मॅडम, तुमाले बांगडीचं दोन-सहाचं माप लागते. दोन-चारच्या घालून राह्यल्या, म्हणून वळ उठते." आत सगळे हसले. मग हळू : "घुग्घुसले नाई जात मी. तिथी मले कोण ओळखते? इथी बाया माह्याच हातानं बांगड्या भरतेत."
हे मला कधीच बोलला नाही. मी विचारलं होतं कुठे?

२४ जुलै, घुग्घुस
समितीचा कागद आला. मी पालक, पण बँक आणि सरकारी कागदांपुरतीच. राहणं, दुकान भाऊ म्हणेल तसं. कागद टेबलावर आपटला. जेवणानंतर पुन्हा वाचला आणि रडू आलं. मला बाहेर बसवलं, त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत. नाहीतर भावाला गाठोड्यासारखं उचलून आणलं असतं, आणि वर म्हटलं असतं, मायेनं आणलं.

५ ऑगस्ट, चामोर्शी
बाजाराचा दिवस. भाऊनं स्वतःच चूल बंद केलीय. शेजारच्या शांताबाईकडे दोन्ही वेळ जेवतो. फिटची सकाळची गोळी मात्र पाकिटात तशीच. दाखवली. "घेतो न." एवढंच. पुढे बोलले नाही. महाकठीण काम.
दुपारी शांताबाई दुकानावर बांगड्या भरायला आली. तिला आमच्याजवळच्या पीसीओचा नंबर देत होते, फिट आली तर कळवा म्हणून. भाऊनं हात पुढे केला.
"लता, मलेच दे. द्याचा असन त मी देईन तिले."
दिला.

६ ऑगस्ट, घुग्घुस
अजून फोन नाही. भाऊनं शांताबाईला नंबर दिला की नाही, ठाऊक नाही.