समोरच्या दुकानातली खुर्ची

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
प्रभूत सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू घातलेली अट मान्य आहे. दर आठवड्याला दोघांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा एकेक अध्याय वाचायचा, त्यातली एक तरी गोष्ट प्रत्यक्ष करायची, आणि ती केल्याशिवाय पत्राला हात लावायचा नाही. रडगाणं मीच गायलो होतो की लहानपणापासून उपदेश ऐकतोय, पण तो एका कानाने आत येतो आणि संध्याकाळी झाडलेल्या केसांबरोबर दुकानाबाहेर जातो. तेव्हा आता तक्रारीला तोंड नाही. एवढंच विचारतो की सुरुवात पाचव्यापासून का? पहिल्या अध्यायात बरीचशी नावंच आहेत, तिथे माझं छान निभावलं असतं.

असो. कोणी एक कोस चालायला लावलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, हे मी निवडलं. मंगळवारी आपले निवृत्त मास्तर आले. त्यांचे केस कानामागे जेमतेम उरलेत, पण ऑपरेशनची गोष्ट दर वेळी पहिल्यापासून सांगतात. एरवी मी ती अर्ध्यावर तोडतो आणि टॉवेल झटकतो. या वेळी केस कापून झाले तरी कात्री हवेतच चालवत राहिलो, म्हणजे त्यांना वाटावं काम चालू आहे. गोष्ट संपली, टाके निघाले, मग मानेला मालिशही करून दिली. जाताना म्हणाले की तुझा हात अलीकडे फार मंदावलाय. दुसऱ्या कोसाचं हे फळ.

माझ्या डोक्याचं काय विचारतेस? न्हावी साऱ्या गावाचे केस कापेल, पण स्वतःच्या मानेपर्यंत त्याचा हात पोचत नाही. ही घरीच कापते. या खेपेला डावी बाजू वर गेली म्हणून तिने उजवी वर घेतली, मग उजवी जास्त झाली म्हणून पुन्हा डावी. रविवारी अर्पणाची थाळी घेऊन मी मधल्या वाटेने वेदीकडे जातो तेव्हा सगळ्या मंडळीला माझी मानच दिसते. उपासना संपल्यावर पाळकांनी काळजीने विचारलं, घरात उंदीर झालेत का.

समोरच्याचं दुकान बरं चाललेलं दिसतं. मी बघत नाही, पण माझी खिडकीच तिकडे आहे.

लोभ आहेच. तो केसांसारखा वाढत राहो, त्याला मी कात्री लावणार नाही.

तुझा,
धाकटा


१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र टपाल कचेरीत खिडकीवर बसूनच वाचलं. उंदरांपाशी इतकी हसले की समोरच्या बाईंना वाटलं, त्यांच्या पार्सलवरच्या पत्त्यालाच हसतेय. त्यांची समजूत घालायला ते पार्सल मी नव्याने बांधून दिलं. म्हणजे माझाही एक कोस झाला.

पण दोन कोस चालायच्या घाईत तू आधीची एक जागा ओलांडून गेलास. वेदीपाशी अर्पण नेताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. बाकीच्या मंडळीला हे जरा लांबून लागू पडतं. तुझ्या तर हातात थाळीच असते.

आणि हा समोरचा कोण? मी एका घरात वाढलेली तीन पोरं ओळखते: मी, मधला आणि तू. मधला काकांचा, पण तू त्याला दादा म्हणायचास आणि चालून दमलास की त्याच्याच खांद्यावर बसायचास. आजोबांच्या दुकानात तुम्हा दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. मोडलं कशावरून, तर रेडिओवरून. तुला तो चालू हवा, त्याला शांतता हवी. तू भर दुकानात म्हणालास की याच्या हाताखाली गिऱ्हाईक कंटाळून झोपतं. तो म्हणाला की तुझ्या हाताखाली कान कापल्यामुळे जागं राहतं. लोक हसले, त्याने रस्त्यापलीकडे दुकान मांडलं आणि सहा वर्षं तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत. त्याला शांतता हवी होती, ती तू पुरेपूर दिलीस.

काकीला त्याने इथल्या वृद्धाश्रमात ठेवलंय. तिला आता फारसं आठवत नाही आणि दिवसभर एकटीला घरी ठेवता येईना. दर सोमवारी दुकान बंद ठेवून तो तिला भेटायला येतो. तुला माहीत नसेल तर आता झालं.

माझा सहावा अध्याय वाचून झालाय आणि मी पेचात आहे. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नकोस असं तिथे आहे, आणि आपली अट म्हणते की केलेलं लिहून कळव. तेव्हा एवढंच लिहिते की एक काम हाती घेतलंय, ते चालू आहे, आणि काय ते विचारू नकोस. तुझ्या भावोजींनाही सांगितलेलं नाही. बुधवारी मला उशीर होतो तो पार्सलांमुळे, असा त्यांनीच समज करून घेतलाय. त्या दिवशी ते स्वतःचे बटाटे स्वतः उकडून खातात आणि माझ्याकडे हुतात्म्यासारखे बघतात.

भावजयबाईंच्या हातून कात्री काढून घे. लोभ आहे, त्याला तिकीट लागत नाही, तो असाच पोचत राहावा.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सलाम वि. वि.

सातवा अध्यायही वाचला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. मी तर ते कुसळ दोन दुकानांच्या काचांमधून बघत आलोय. नजर चांगली आहे म्हणायची.

पण तू म्हणतेस ते जमणार नाही. मी थाळी सोडली. तो शेवटच्या बाकावर बसतो. इतकी वर्षं मी त्याच्यापुढे थाळी धरायचो आणि छताकडे बघायचो. गेल्या रविवारी छताकडे बघितलं आणि तुझं ते वचन आठवलं. थाळी अशी झटकन मागे ओढली की नाणी वाजली आणि पेटीवाल्या बाईंना वाटलं, गाणं सुरू करायची खूण झाली. मग मी पाळकांना सांगून टाकलं की खांदा दुखतो. आता थाळी बेकरीवाला नेणार. तो इतका भराभर चालतो की लोकांचे हात खिशातच राहतील.

खरं सांगू? मला भीती वाटते. मी पलीकडे गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याने विचारलं की काय हवंय, तर मी काय सांगू? मन होत नाही असं नाही. मागे एकदा सकाळी त्याचं शटर अडकलं होतं. तो एकटाच ओढत होता. मी तेलाची बाटली हातात घेऊन माझ्या दारात उभा राहिलो, आणि त्याचं शटर वर जाईपर्यंत तसाच उभा होतो. मग बाटली परत फळीवर ठेवली. त्या दिवशी दिवसभर मला जेवण गोड लागलं नाही.

आणि तुझं ते गुपित काय चाललंय? मला सगळं लिहायला लावतेस आणि स्वतः मात्र बटाट्यांवर भागवतेस.

रागावू नकोस. लोभ थोडा उसवला असेल तर तूच शिवून घे.

धाकटा


२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी, म्हणून मुद्द्याचं लिहिते. थाळी ठेवलीस, म्हणजे अर्धं वचन पाळलंस. उरलेलं अर्धं रस्त्यापलीकडे आहे. तो तुला मिठी मारेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. भाऊ काय म्हणेल ते त्या वचनात लिहिलेलंच नाही, फक्त जा असं लिहिलंय. जाशील तेव्हा मोठेपणाने माफ करायला जाऊ नकोस. काहीतरी मागायला जा. मी रोज तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करते, आणि देव माझ्यापेक्षा जास्त चिकाटीचा आहे.

लोभ कार्डात मावत नाही, तो समजून घे.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
प्रभूत खूप खूप सलाम. वि. वि.

काहीतरी मागायला जा, म्हणालीस. मी दोन दिवस विचार केला की त्याच्याकडे असं काय आहे जे मला हवंय. मग आरशात माझी मान बघायचा प्रयत्न केला आणि उत्तर सापडलं.

गुरुवारी दुकान बंद करून रस्ता ओलांडला. बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्या शेजारी बसलो. एकाने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, ते उलटं होतं. माझी पाळी आली तेव्हा खुर्चीत जाऊन बसलो. त्याने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही न्हावी करतो तसं डोकं खाली केलं. ताई, हनुवटी छातीला, मान उघडी, आणि वस्तरा त्याच्या हातात. इतक्या वर्षांत अशी मनापासून प्रार्थना माझ्याकडून झाली नव्हती.

मागून त्याने विचारलं की हे काम कोणाचं. मी हिचं नाव सांगितलं. तो म्हणाला की मग आधी तिला माफ करायला हवं, आणि वेळ लागेल, हलू नकोस. पुढे फक्त कात्रीचा आवाज. आणि मग मला झोप लागली.

खरंच लागली. जाग आली तेव्हा तो मागे आरसा धरून उभा होता आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी आरशातच त्याच्याकडे बघून सांगितलं की गिऱ्हाईक तुझ्या हाताखाली का झोपतं ते मला आज कळलं, तेव्हा मी जे बोललो ते चुकीचं होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तो हातातला आरसा पुसत राहिला. आधीच स्वच्छ होता. मग म्हणाला की कानाचं तोही उगाच बोलला होता, आणि संध्याकाळी तो दार उघडं ठेवतो ते वाऱ्यासाठी नाही, माझा रेडिओ ऐकू यावा म्हणून. चांगले दोन मोठे बाप्ये, आणि एकाच टॉवेलाला डोळे पुसत होतो.

आता तुझ्याकडे वळतो. दादाने सांगितलं की तीनेक आठवड्यांपूर्वी एका सोमवारी काकीला भेटायला गेला, तर तिचे केस स्वच्छ धुतलेले, आणि वेणी चार पेडांची. तिथल्या बायकांना तीन पेडांपलीकडे येत नाही. चार पेडांची वेणी आजीने एकाच नातीला शिकवली होती. काकीला विचारलं तर म्हणाली की बुधवारी टपालातली एक उंच मुलगी येते, केस विंचरते, बिस्किटं देते आणि जास्त खाल्ली की रागावते. मग त्याला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. त्यानंतर तोही एकदा माझ्या दारापर्यंत येऊन, आत गर्दी बघून परत गेला होता म्हणे. तुझ्या डाव्या हाताला कळलं नसेल, मान्य. पण न्हाव्याला वेणी बघून हात ओळखता येतो, हे तू विसरलीस. आता भावोजींना सांगून टाक आणि त्या बिचाऱ्यांची बटाट्यांतून सुटका कर. येत्या सोमवारी आम्ही दोघं मिळून काकीकडे येतोय. तिने मला ओळखलं नाही तरी चालेल, मी तिला ओळखतो.

कालच्या रविवारी खांदा बरा झाल्याचं पाळकांना कळवलं. त्यांनी माझी मान बघितली आणि काहीच विचारलं नाही. बेकरीवाल्याने थाळी आनंदाने परत दिली. मी बाकांमधून शेवटपर्यंत गेलो आणि दादापुढे थाळी धरली. छताकडे बघितलं नाही. त्याने अर्पण टाकलं, आणि हात मागे घेता घेता माझ्या कॉलरवर राहिलेला एक केस चिमटीत उचलून फुंकरीने उडवला. मग मी वळलो आणि थाळी घेऊन वेदीकडे निघालो.

ही आता माझ्या डोक्याला हात लावत नाही. दादाने तुला सलाम सांगितलाय आणि लोभाचं मी लिहितो तेवढंच त्याचंही समज.

तुझा,
धाकटा