मालूचा विषय मंजूर झाला

इंदूर, शुक्रवार, संध्याकाळ

आज कॉलेजात माझ्या मालूच्या संशोधनाचा विषय ठरायचा होता. अरबी वर्तमानपत्रांची भाषा! मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "अखबार में क्या तहकीक होगी? पुरानी शायरी लीजिए."

मला वाटलं, संपलं सगळं. पण मालूचा आवाज जरासुद्धा कापला नाही. म्हणाली, "जनाब, कितार म्हणजे उंटांची रांग. आपण कतार म्हणतो ना, तोच शब्द. आता अरबी अखबार आगगाडीला कितार म्हणतात. भाषा जिथे घडतेय, तिथेच मी बघायला नको?"

मग परीक्षक मोठ्याने हसले नि म्हणाले, "मंजूर!" तिला शिकवणारे मौलवीसाहेब बाहेर आले, डोळे भरलेले. "बाईजी, मुबारक हो."

इतकं धैर्य पोरीला आलं कुठून? माझ्याकडून तर नाही. आवाज खरंच कापला नाही तिचा.

घरी वन्संनी नेहमीचंच विचारलं, "अरबी शिकून हिचं होणार काय?"

एरवी मी गप्प बसते. आज म्हटलं, "प्रोफेसर."